बिरादार सरांची पायरी

आमच्या कॉलेजात कोणी संशोधन करतोय असं कळलं की त्याला दोन प्रश्न विचारायची पद्धत आहे. एक, याचा शेतकऱ्याला उपयोग काय? दोन, याच्यात स्कोप काय? पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनी शेत विकून नांदेडात प्लॉट घेतलेले असतात आणि दुसरा विचारणाऱ्यांचा पगार पहिल्या तारखेला जमा होत असतो. बिरादार सर दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यायचे. "काही न्हाई." आणि हे सांगताना चेहऱ्यावर एवढं समाधान, की विचारणाराच ओशाळून चहा मागवायचा.

सर उदगीरच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या गावचे. आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागले. मी हिमायतनगरकडची. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. हे मी कोणी न विचारताच सांगून टाकते, कारण लोकांनी विचारून काढलं की ते कीव करतात, आणि ती मला सोसत नाही. सर पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणाले. बाकीचे सगळे मॅडम म्हणायचे आणि स्वतःचे पेपर तपासायला द्यायचे.

सरांचा विषय होता क्वांटम हॉल परिणाम. नाव ऐकून लोकांना तो कुठला तरी मंगल कार्यालयाचा हॉल वाटायचा. भानगड तशी सांगण्यासारखी आहे. वीज वाहणारी पट्टी चुंबकाजवळ धरली की तिच्या आडव्या अंगाला व्होल्टेज येतं. चुंबकाचा जोर वाढवावा तसं ते वाढत जातं, आलेखावर सरळ रेघ येते. हे बारावीच्या पोरालाही येतं. पण इलेक्ट्रॉन एका पातळ थरात कोंडले, पट्टी भयंकर थंड केली आणि चुंबक भयंकर जोरात लावला, तर ती रेघ सरळ चढायचं सोडून पायऱ्यापायऱ्यांनी चढते. पायरीवर ती सपाट. चुंबक वाढवत राहा, रेघ जागची हलत नाही. आणि व्होल्टेजला प्रवाहानं भागलं की ती सपाट पायरी ओहमच्या कोणत्या आकड्यावर येणार हे ठरलेलं. जर्मनीत तोच, जपानात तोच. सरांना या गोष्टीचं फार कौतुक होतं. म्हणायचे, "हा एकच आकडा हाय ताई, जो आडनाव विचारत न्हाई."

हे सगळं उणे दोनशे एकोणसत्तर अंशाच्या खाली, द्रवरूप हेलियमच्या थंडीत. आणि सर बसायचे कुठं, तर पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीत, डोक्यावर ओलं उपरणं टाकून. एप्रिलात त्या खोलीत टेबलाला हात लावला तरी चटका बसायचा. पंखा होता, तो गरम हवा इकडून तिकडे न्यायचा. त्या खोलीत बसून सर निरपेक्ष शून्याच्या शेजारच्या गोष्टी करायचे. चहा मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. साय धरायची, माशी येऊन जायची, तोवर वाट पाहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, उतावळेपणानं तोंड भाजतं, दुसरं काय.

नोकरीत नवी असताना मी त्यांना म्हटलं होतं, सर, पायरी सपाट का होते हे मला पुस्तकातून समजत नाही. पुस्तकात लिहिलंय, नमुन्यातल्या, म्हणजे त्या पट्टीतल्या, अव्यवस्थेमुळे. अव्यवस्थेमुळे गोष्ट नेमकी कशी होईल? सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली केला.

"हे बगा ताई. आपल्या विभागात काही माणसं खुर्चीत अडकलेली हायत. कोण ते सांगत न्हाई, समोरच बसलेत. त्यांच्याकडून काही काम होत न्हाई. पण ती अडकलेली हायत म्हणून कडेकडेनं जाणाऱ्याला कोणी आडवं येत न्हाई. वरून प्राचार्यांनी कितीबी जोर लावू द्या, अडकलेल्यांची संख्या कमीजास्त होईल, निकाल तेवढाच. सपाट. हीच पायरी."

"आणि तापमान?"

"तापमान म्हणजे तपासणी समिती. समिती येणार म्हटलं की खुर्चीतली माणसं उठतात, ह्या टेबलावरून त्या टेबलावर उड्या मारतात, फायली हलवतात. कडेच्या माणसालाबी मग जाता येत न्हाई. पायरी वितळली. परत सरळ रेघ."

मी म्हटलं, सर, सगळीच माणसं कामाची असती तर?

"मग पायरीच न्हाई. लई स्वच्छ नमुन्यात ही गंमत व्हत न्हाई. घाण पाहिजे. पण बेतानं. लई झाली की मग काहीच दिसत न्हाई."

"आपल्याकडं किती आहे?"

सरांनी समोर पाहिलं. "आपल्याकडं बेत सुटलाय."

इतकं शिकवणाऱ्या माणसानं ती पायरी स्वतः मात्र कधी पाहिली नव्हती. पीएच.डी. त्यांनी आकडेमोडीवर केली. दुसऱ्यांनी मोजलेल्या पायऱ्यांवर पेपर लिहिले. अव्यवस्था वाढली तर पायरी किती रुंद होईल, तापमान चढलं तर तिच्या कडा कशा गोल होतील, सगळं कागदावर. स्वयंपाकाचं पुस्तक लिहावं आणि आयुष्यभर मेसला जेवावं तसं.

पुण्यातल्या एका परिषदेत त्यांना यावरून छेडलं होतं. मी सोबत होते. सर बोलताना हाय-न्हाई करायचे आणि पहिल्या रांगेतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं होतं, लहान मुलानं गाणं म्हटल्यावर दिसतं तसलं. शेवटी एका बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, की नांदेडला द्रवरूप हेलियम मिळतं का हो? सर म्हणाले, न्हाई. मग तुम्ही करता काय? "वाट पाहतो." लोक हसले. पुण्यातल्या लोकांना विनोद लवकर कळतो. सर विनोद करत नव्हते, एवढंच.

लातूरचं तर सांगायलाच पाहिजे. तिथल्या एका शिकवणीच्या मालकानं सरांना बोलावलं होतं. पगार असा सांगितला, की आमच्या विभागातल्या तिघांना चक्कर आली. सर गेले, कारण त्यांना वाटलं हुशार पोरं भेटतील. नमुन्याच्या तासाला हॉल परिणाम दिला. सरांनी फळ्यावर सरळ रेघ काढली आणि विचारलं, ही सरळच का? वर्गात चारशे पोरं, सगळी पेन उचलून तयार, कोणी बोलेना. सर थांबले. सर थांबले की थांबतात. शेवटी मालक मागून पुढं आला आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "सर, पोरांना 'का' नको असतंय. 'कोणता' पाहिजे. चारपैकी कोणता." सर एस.टी.नं परत आले. मी विचारलं काय झालं, तर उदगीरकडचं कानडी बोलले, "एन माडोदु." म्हणजे काय करायचं. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. यंत्र बिघडलं, बिल परत आलं, कोणी मेलं, तरी एन माडोदु.

यंत्राची गोष्ट अशी. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं आपलं जुनं थंड करायचं यंत्र निकालात काढलं. आत चुंबकाची गुंडाळी असलेला, माणसाच्या उंचीचा थर्मासच म्हणा. सरांनी अर्ज करून ते मागून घेतलं आणि ट्रकच्या हौद्यात त्याला धरून बसून नांदेडपर्यंत आले. पुढची कितीतरी वर्षं ते दुरुस्त करण्यात गेली. कुठं गळती, कुठं वायर तुटलेली. जर्मनीतल्या एका जुन्या सोबत्यानं नखाएवढा नमुना पाकिटातून पाठवला, त्यात घाण अगदी बेतानं घातलेली. तो सरांनी असा जपला, की सोनार लाजावा. आणि निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा एकदाचं अनुदान मंजूर झालं. हैदराबादहून एकदा, फक्त एकदा, हेलियम आणण्यापुरतं.

मे अखेर सर निवृत्त होणार होते. आमच्या संस्थेत निवृत्त प्राध्यापकाला मानद म्हणून दोनेक वर्षं ठेवून घेता येतं. तसं झालं तर सर, यंत्र आणि खोली जागेवर राहणार होती. नाहीतर खोली दुसऱ्याला आणि यंत्र अडगळीत. हे ठरवणार संस्थेचे सचिव. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. आमचे विभागप्रमुख कदम सर यांनी त्यावर तोडगा काढला, की यंत्र भाऊसाहेबांच्या हस्ते सुरू करायचं. फीत, हार, सत्कार, मग जेवण. भाऊसाहेब खुश, मुदतवाढ झालीच म्हणून समजा.

बॅनरचा मजकूर सरांना विचारला. सरांनी प्रकल्पाचं नाव सांगितलं, अर्धवाहकांतील अव्यवस्था आणि तापमान. कदम सर दचकले. भाऊसाहेबांच्या संस्थेत अव्यवस्था? बॅनर छापून आला तो 'अर्धवाहकांतील सुव्यवस्था' असा. सरांनी तो उभं राहून नीट वाचला आणि म्हणाले, छपाई चांगली झालीय.

एका गोष्टीवर मात्र ते अडले. म्हणाले, आधी मोजू द्या, कार्यक्रम आठवड्यानं घ्या, भाऊसाहेबांना आलेख दाखवू.

"भाऊसाहेबांना कागद दाखवायचा?" कदम सर म्हणाले. "सर, त्यांच्या हातानं सुरू झालं पाहिजे. तुमच्यासाठीच करून राहिलो ना मी हे."

"हेलियम थांबत न्हाई सर."

"अहो, दोन तास इकडंतिकडं. हेलियम काय पळून जातंय का?"

"तेच करतंय सर ते."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हेलियमचा पिंप टेम्पोतून आला. यंत्र रात्रभर नायट्रोजनवर गार करून ठेवलेलं होतं, सकाळी उजाडताच सरांनी त्यात हेलियम भरलं. निम्मं तर यंत्राला गार करण्यातच उडून गेलं. उरलेलं दुपारपर्यंत पुरणार होतं. भाऊसाहेब दहाला येणार होते, म्हणजे हिशोब बसत होता. आमच्याकडे दहा म्हणजे काय, हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही.

डेकोरेशनवाली पोरं लवकर आली. त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराला लाल फीत बांधली, मधोमध फूल काढलं, गुलाब खोचले आणि निघून गेली. आत माणूस आहे हे कोणी पाहिलंच नाही. कदम सर आले तेव्हा सर फितीच्या आत आणि फीत दाराला. सोडली तर तसं फूल परत कोण काढणार? शेवटी कदम सरांनी दारातूनच बजावलं, की आतच बसा, कशालाही हात लावू नका. मला सांगितलं, मॅडम, तुम्ही वाकून आत जा, लक्ष ठेवा, काही सुरू करू देऊ नका.

मी नाश्त्याच्या, मुरमुऱ्यांच्या सुशीलाची प्लेट घेऊन फितीखालून आत गेले. मोजणी सुरू होती.

मी प्लेट टेबलावर ठेवली आणि सरांच्या शेजारी स्टूल ओढलं. दहा वाजून गेले. बाहेर निरोप आला की भाऊसाहेब मुदखेडला लग्नात आहेत, निघतीलच. मग आला की निघाले. मग आला की निघाले होते, पण वाटेत आणखी एक लग्न आहे. लग्नसराईच होती. मांडवात माइक तपासणं चालू होतं, हॅलो हॅलो. आत पडद्यावर रेघ चढत होती, सरळ, कंटाळवाणी, बारावीच्या पुस्तकातल्यासारखी. मग ती वाकली. आणि मग आडवी झाली. चुंबकाचा आकडा वाढत होता आणि ती आडवीच. बारा हजार नऊशे सहा ओहम.

सरांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. पायरी तिथंच होती. मग त्यांनी प्लेट ओढून एक घास सुशीला खाल्ला आणि चावत राहिले, बराच वेळ, जणू त्यात खडा होता.

मी हेलियमचा काटा पाहिला. आणखी मोजून चार रेघा निघतील एवढं शिल्लक होतं. मी म्हटलं, सर, आता थांबा. उरलेलं भाऊसाहेबांसाठी ठेवा. ते आले की त्यांच्या हातानं कळ दाबून हीच पायरी दाखवू. तुम्हाला दोन वर्षं मिळतील.

सर म्हणाले, "ताई, एकदा दिसलेलं काय खरं? भूतबी एकदाच दिसतं."

"सर, दोन वर्षांत शंभर वेळा बघा."

"भाऊसाहेब आज आलेच न्हाईत तर?"

सरांनी नमुन्याजवळच्या छोट्या हीटरची कळ फिरवली. तापमान चढू लागलं. बाहेरच्या मानानं ती थंडीच, पण इलेक्ट्रॉनांसाठी तपासणी समिती आली. पुढची रेघ आली तिच्यात पायरीच्या कडा गोल झालेल्या. आणखी ऊब, आणि सपाटी तिरपी. आणखी, आणि पायरी गेली. सरळ रेघ, जशी काही तिथं कधी काही नव्हतंच. सरांनी आयुष्यभर कागदावर काढलेलं सगळं त्याच क्रमानं समोर घडत होतं. पण माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी आपली दोन वर्षं उकळून टाकली होती.

मग त्यांनी हीटर बंद केला आणि नमुना परत गार व्हायला सोडला. हेलियमचा काटा दिसत होता तसा खाली चालला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मीच पाहत होते. चुंबक परत चढवला. रेघ निघाली, सरळ, सरळ, मग वाकली. आडवी झाली. मी वाकून आकडा वाचला. बारा हजार नऊशे सहा.

"तिथंच हाय," सर म्हणाले. मला नाही, पडद्याला. मग घाईनं चुंबक खाली उतरवला, कारण हेलियम संपत असताना तो विजेनं भरलेला ठेवला तर जळतो. थोड्या वेळात काटा तळाला टेकला.

भाऊसाहेब आले तेव्हा जेवणाची भाजी दोनदा तापवून झाली होती. हलगी वाजली. भाऊसाहेबांनी कात्री लावली, फीत पडली आणि समोर बिरादार सर उभे. उद्घाटनात आतून माणूस निघालेला मी तेवढाच पाहिला. मागून पन्नास माणसं त्या खोलीत शिरली आणि कदम सर म्हणाले, सर, सुरू करा, साहेब कळ दाबतील.

सर भाऊसाहेबांकडे वळले. "साहेब, मोजमाप झालं. हेलियम संपलं. तुमची वाट बगितली असती तर तुम्हालाबी काही दिसलं नसतं आणि मलाबी न्हाई."

भाऊसाहेब हसले. पुढाऱ्याचं हसू कोणत्या तापमानाला गोठतं ते मला त्या दिवशी कळलं. "बरं केलं सर," ते म्हणाले. "तुमच्यासारख्याला आमची वाट कशाला पाहायला लागते."

कदम सरांनी प्रसंग सांभाळला. कोपऱ्यात हवा ओढायचा पंप होता, त्याचं बटण दाखवलं. भाऊसाहेबांनी ते दाबलं. पंपानं घर्र केलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, भाऊसाहेबांच्या हस्ते क्वांटम तंत्रज्ञानाचा शुभारंभ. फोटोत सरांचं उपरणं तेवढं दिसत होतं.

मुदतवाढ आली नाही. आमच्या संस्थेत नाही म्हणायची पद्धत नाही, फक्त हो येत नाही. मे संपला. निरोपाच्या समारंभात कदम सर सरांच्या वेळेच्या आधी काम उरकण्याच्या सवयीवर बोलले आणि सभागृह मनापासून हसलं. सरांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं कुलूप बदललं होतं.

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षा उभी होती. सर एक पाय आत ठेवून थांबले, घड्याळाचा खोका काखेत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज कच्चा वाटला.

"ताई, दुसऱ्या वेळेलाबी ती तिथंच आली होती ना? आता सारखं वाटून राहिलंय, मला पाहिजे होती म्हणून मला दिसली. आता परत बघायला काही मिळणार न्हाई."

"सर, आकडा मीच वाचला," मी म्हटलं. "आणि मला काही ती यायला नको होती. मला तुमची मुदतवाढ पाहिजे होती."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एखादं मीटर बरोबर चालतंय का पाहावं तसं.

"मग खरी हाय," ते म्हणाले. आत सरकून बसले, खोका मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चल बाबा, स्टँडला."